आहेराचा टॉवेल

नळदुर्गच्या किल्ल्यात अण्णा कोसळले तेव्हा त्यांना सोडून आम्ही दहाजण होतो, आणि दहाजणांकडे मिळून निदान आठ उपाय होते. एकजण कांदा शोधत होता. एकाने पायातली चप्पल काढून अण्णांच्या नाकाला लावली, कारण त्याच्या मते ही फिट होती. एकाने बाटली तोंडाला लावली. निम्मं पाणी गळ्यावरून गेलं आणि उरलेल्याचा ठसका लागला. अण्णांच्या अंगाला थरथर सुटली होती, ती बघून कुणीतरी पळत जाऊन गाडीतून चादर आणली. सोलापूरच्या गाडीत चादर नसेल तर ती गाडी सोलापूरची कसली! ती जाडजूड चादर आम्ही त्यांच्या अंगावर पार गळ्यापर्यंत पांघरली. एप्रिल महिना, सकाळचे साडेअकरा.

या सगळ्यात माझ्याकडे एकच काम आलं. अण्णांचा चष्मा खाली पडला होता. तो मी उचलला आणि हातात धरून उभा राहिलो.

आमचा हा कंपू रविवारी पहाटे बाहेर पडणाऱ्यांचा. कधी नान्नजच्या माळावर, कधी हिप्परग्याच्या तलावावर, कधी नळदुर्गला. माळढोक दिसेल या आशेवर आम्ही कितीतरी वर्षं नान्नजला जातोय. काळवीट दिसतात, चंडोल दिसतात, एखादं खोकड दिसतं, आणि परतताना रस्त्यावर चहा होतो. वय पस्तीस ते साठ. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, अण्णांचं चाटी गल्लीत दुकान. मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. नळदुर्गला त्या दिवशी नऊलाच परत फिरायचं ठरलं होतं. पण बोरी नदीला पाणी नसल्यामुळे पाणी महाल कधी नव्हे तो निवांत बघता आला, मग उपली बुरूज राहिला होता, मग फोटो. त्या किल्ल्यात आत गेलं की सावली म्हणजे तटाची, आणि ती दुपारकडे जाताना अंग चोरून घेते.

आज आठवलं की लाज वाटते ती आमच्या हसण्याची. कोसळायच्या आधी वीसेक मिनिटं अण्णांनी मला तीनदा विचारलं, "गाडी कुठं लावलीय बे?" तिसऱ्यांदा त्यांनी मला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली. आम्ही सगळे खो-खो हसलो. अण्णासुद्धा हसले. त्यांचे पाय जरा लटपटत होते, तर एकजण म्हणाला, "अण्णा, सकाळी सकाळीच?"

आम्ही त्यांना उचलून गाडीत घातलं, एसी लावला, गाठला पहिला दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी झरझर कपडे सैल केले, बादली मागवली, पंखा अंगावर वळवला. मग आमच्याकडे न बघताच विचारलं, "चादर कुणी घातली?" कुणी काही बोललं नाही. अण्णा पुढे सोलापूरला चार दिवस दवाखान्यात होते आणि आता ठणठणीत आहेत. अजूनही दुकानात बसतात, अजूनही रविवारी येतात. चष्मा मी त्यांना दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

*

लहानपणी आम्हा सोलापूरच्या पोरांना निबंधाला एक विषय ठरलेला असायचा: डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली याच गावात जन्मलेला माणूस, १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. मी त्या निबंधात दरवर्षी चांगले मार्क मिळवले. "आमच्या मातीचा सुपुत्र" हे शब्द अजून जसेच्या तसे येतात. पण जखमेवर पट्टी कशी बांधायची हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. नळदुर्गहून आल्यावर चार-पाच रात्री झोप लागली नाही तेव्हा हाच निबंध डोक्यात फिरत होता.

कुणाच्या तरी ओळखीतून प्रथमोपचाराच्या वर्गाचा पत्ता लागला. दोन रविवार, रेल्वे लाइन्सजवळ एका शाळेचा हॉल, जमिनीवर सतरंजी. शिकवणारे रेल्वेचे निवृत्त गार्ड. त्या पदाला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण त्यांना तसं म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. ते आमचे गार्डमामा. दौंड ते वाडी या पट्ट्यात नोकरी गेलेली. रेल्वेत गार्डाच्या डब्यात प्रथमोपचाराची पेटी असते आणि त्याला ती वापरता यावी लागते. परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो. मामांनी तो दाखला किती वेळा नवा केला असेल देव जाणे. शाळेत असल्यासारखे हात मागे बांधून उभे राहायचे, आणि चूक केली की आधी शांतपणे बघायचे. ते बघणं रागावण्यापेक्षा वाईट.

पहिल्या तासाला पट्टी नाही, बाहुली नाही, काही नाही. मामांनी विचारलं, "रस्त्यावर ॲक्सिडेंट झालाय. पहिल्यांदा काय कराल?" आम्ही उत्साहाने उत्तरं दिली: नाडी बघू, पाणी देऊ, १०८ ला फोन करू. मामा म्हणाले, "आधी मागून येणारी गाडी थांबवा."

मग त्यांनी रेल्वेचा नियम सांगितला. गाडी मध्येच थांबली, अपघात झाला, तर गार्ड जखमींकडे धावत सुटत नाही. मागून दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून तो आधी झेंडा घेऊन रुळावरून मागे चालत जातो. ६०० मीटरवर रुळाला एक फटाका लावतो, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं, पुढे काहीतरी घडलंय. "मागं माणसं ओरडत असतात," मामा म्हणाले, "आणि आपण पाठ करून चालत जायचं असतं. ते १२०० मीटर लै लांब असतात, मालक."

एवढं बोलून त्यांनी चहाची सुट्टी दिली. आम्ही चहा घेतला, पण कुणी फारसं बोललं नाही.

उन्हाचा धडा मी खाली मान घालून ऐकला. उष्माघात म्हणजे साधी चक्कर किंवा थकवा नाही. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू चुकायला लागतो. तेच तेच विचारणं, माणूस न ओळखणं, झोकांड्या जाणं, उगाच चिडणं. मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा रानात, किल्ल्यावर, क्रिकेटच्या मैदानावर कुणी असं बरळायला लागला तर हसायचं नाही, सावलीत आडवं करायचं. घाम येतोय की नाही यावर भरवसा ठेवायचा नाही. चालून-पळून ऊन लागलेल्याला घाम असूही शकतो. कपडे उतरवायचे, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघा. क्रोसिन देऊन उपयोग नाही, कारण हा ताप तापासारखा नाही. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं. आणि गाडीत घालून पळण्याआधी त्याला गार करायला सुरुवात करायची, कारण वेळ त्या तापण्यात जातो, अंतरात नाही.

मी हात वर केला. "मामा, ओली चादर चालेल?"

"कुठली, सोलापुरी?"

"हो."

"ती लै जाड. भिजवून गुंडाळली की आत वारा जात नाही, वाफ कोंडते. पातळ नॅपकिन ओले करून फिरवा." मग जरा थांबून म्हणाले, "चादरीचा एक उपयोग आहे. चौघांनी चार कोपरे धरायचे, सावली होते."

अकरा जणांच्या सहलीत सावली करायला दहा माणसं होती. मी वहीत काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

*

माळरानावर फिरणाऱ्यांना सापाची भीती दाखवायची गरज नसते, पण आमच्या डोक्यात सापाबद्दल होतं ते सगळं सिनेमातलं होतं. चीर द्या, रक्त चोखा, वर घट्ट बांधा. मामांनी तिन्ही गोष्टींवर एकाच फटक्यात काट मारली. आपल्याकडचे चार मुख्य विषारी: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची काही गरज नाही; त्या भानगडीत दुसऱ्याला चावतो. घट्ट बांधलं की घोणस-फुरशाचं विष एकाच जागी साचून मांस कुजवतं, आणि दवाखान्यात गाठ सोडली की सगळं एकदम वर चढतं. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा समजायचा, कामट्या लावून हलू द्यायचा नाही, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि निघायचं. देवळात नाही, कडुनिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का बघत बसायचं नाही.

एक गोष्ट त्यांनी बायकांकडे वळून सांगितली. सूज चढायच्या आत अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी काढायची. हातातला गंडा, पायातला काळा दोरासुद्धा. वर्गातल्या एक काकू म्हणाल्या, "जोडवी कशी काढायची?" मामा म्हणाले, "बोट ठेवायचं असलं तर काढायची, काकू." हॉलमध्ये क्षणभर कुणी हसलं नाही, मग काकूच हसल्या.

मण्यारचं मात्र मला रात्रभर पुरलं. रात्री अंथरुणात येते, चावलेलं कळतही नाही, खूण दिसत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणतो, मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं. आमच्या आजोळी शेतात ज्वारी राखायला जमिनीवर झोपणारे किती जण होते! एक मामेआजोबा असेच "पोटात दुखून" गेले, अशी घरातली गोष्ट आहे. मण्यार होती की आणखी काही, आता कोण सांगणार. पण खाट आणि मच्छरदाणी ही चैन नाही, एवढं मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

विंचवाचंही तसंच. दगड उलटून बघायची आम्हा निसर्गप्रेमींना खोड असते. लाल विंचू चावून नुसती आग होत असेल तर निभावतं, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं की ते विष हृदयावर गेलं. यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्यांच्याविषयी वाचावं तितकं थोडं. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या गोष्टीतलं आवडतं ते हे, की उत्तर विंचवाच्या गावातच सापडलं.

*

पट्टीचा सराव मी घरी आईवर केला. त्रिकोणी पट्टी हे मोठं हुशार फडकं आहे. दोनदा दुमडलं की जखमेची पट्टी, उघडलं की मोडलेल्या हाताची झोळी, डोक्याला टोपी, घोट्याला आवळ. फक्त गाठ सपाट हवी. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. सलग उजवंच दोनदा वर घेतलं की गाठ सरकते. माझी सरकत होती. आई दर दोन मिनिटांनी "झालं का रे?" विचारायची, आणि हात झोळीतून काढून भाजी परतून यायची.

बाबा खाटेवरून बघत होते. बाबांची सगळी नोकरी मिलमध्ये, विणकामात गेली. मिल बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होतो. आता त्यांना दिसत कमी, पण कुणाच्या हातात दोरा असला की त्यांचं लक्ष जातंच.

"ही कसली गाठ? आण इकडं."

मी पट्टी दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि स्वतःच्या चादरीच्या दशीतले दोन धागे ओढले. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, उजव्याने एक वेढा, एक ओढ. मी बघेपर्यंत झालं होतं. बारीक, गच्च, तुटेल पण सुटणार नाही अशी. मागावर धागा तुटला की माग थांबवून, गाठ मारून पुन्हा चालू करायला किती वेळ मिळतो याचा हिशेब त्या बोटांत होता. मी विचारलं, ही कुणी शिकवली? मुकादमाने?

"मुकादम कशाला शिकवतोय. तुटत गेलं, बांधत गेलो."

बाबांची ती गाठ पट्टीला चालत नाही. ती दोऱ्याची गाठ आहे, कापडाची नाही. पण त्या रात्री मी टीव्हीवरच्या बातम्या बघत पट्टीच्या शंभर गाठी मारल्या. दुसऱ्या रविवारपर्यंत हात माझ्याआधी जायला लागला होता.

दुसऱ्या रविवारी बाहुली आली. कमरेपर्यंतचीच, तोंड उघडं, चेहरा फार शांत. ही बाहुली नॉर्वेच्या एका खेळणी बनवणाऱ्याने, आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये केली आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. आमच्या बाहुलीच्या गालावर कुणीतरी कधीतरी बॉलपेनने तीळ काढला होता.

श्वास थांबलेला, हाक मारून, खांदे हलवून ओ देत नाही, तर छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि दाब. पाच-सहा सेंटीमीटर खोल. मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दरवेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाबांनंतर दोन श्वास, जमत नसेल तर नुसते दाब. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला माणूस दाबतोय असं त्याला वाटतं फक्त. बरगडी मोडली तर मोडली.

आमच्यातल्या बहुतेकांचा वेग घसरत होता. शिक्षक भरभर दाबत होते, अण्णा (हो, अण्णाही आले होते, आणि सगळ्यात पुढे बसले होते) सत्तरवर रेंगाळत होते. मग पूर्व भागातला एक पोरगा पुढे आला, विशीतला, घरात तेलुगू बोलणारा, यंत्रमागावर काम करणारा. त्याने दाबायला सुरुवात केली आणि मामांनी घड्याळाकडे बघितलं, परत बघितलं. दोन मिनिटं एका चालीत, एक दाब इकडे नाही की तिकडे नाही.

"कुठं शिकलास?"

"शिकलो नाही ओ. माग चालवतो की."

मीही पूर्व भागातच राहतो. आमच्या भिंतीला लागून जेकार्डच्या चादरीचे सहा माग आहेत. लहानपणापासून त्या आवाजात झोपतोय. बंद पडला की जाग येते. त्या रात्री मोबाइलवर वेळ लावून एका मागाचे ठोके मोजले. एकशे आठ. दुसऱ्यांदा मोजले, एकशे सात. अंधारात पडल्या पडल्या मी उशीवर तळहात ठेवला आणि त्या खटाक-खटाकबरोबर दाबत राहिलो. बायको म्हणाली, "काय करायलाय?" मी म्हटलं, "काही नाही, झोप."

बुडालेल्याचं मात्र वेगळं. तिथे हृदय थांबतं ते हवा न मिळाल्याने, म्हणून आधी पाच श्वास, मग दाब. उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पिढीने डोळ्यांनी बघितलेलं आहे; त्यात नुसती मिनिटं जातात. आणि वाचवायला उडी टाकायची नाही. काठी पुढे करायची, दोर फेकायचा, साडी फेकायची, झाकण गच्च लावलेला रिकामा कॅन फेकायचा. "पाण्यात एक माणूस बुडतोय," मामा म्हणाले, "तो आकडा दोन करू नका." उजनीच्या काठावर आणि चंद्रभागेत या वाक्याची पाटी लावायला हवी. पण पाट्या कोण वाचतं.

*

वर्ग संपल्यावर माणसाला पेटी करायची हौस येते. मीही केली. हातमोजे, त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, ओआरएसची पाकिटं. (गोड रंगीत पेयाच्या खोक्यांना ओआरएस समजून घेऊन येणारे अजून आहेत. पाकीट मिळालंच नाही तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं पाठ असू द्यावं.) रक्त दाबायला जाड कापड हवं होतं. आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात आहेराचे टॉवेल असतात. प्रत्येक सोलापुरी घरात असतात. लग्नात टॉवेल-टोपी मिळते, टोपी कुठेतरी जाते, टॉवेल घडी न मोडता वर जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगावर पडतो. काही टॉवेल असे पंधरा-पंधरा वर्षं गावभर फिरत असतील, कुणाचंही अंग न पुसता. त्यातला एक, टेरीचा, पांढरा, मी न विचारता पेटीत घातला.

नोव्हेंबरमध्ये नान्नजहून परतत होतो. अंधार पडायला लागला होता, बार्शी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. दिवा नाही, मागे लाल पट्टी नाही, अशा एका ट्रॉलीला चुकवताना आमच्या पुढची मोटारसायकल घसरली. पोरगा रस्त्याच्या कडेला, गाडीचा पत्रा पोटरीत शिरून निघालेला. ट्रॉली निघून गेली, तिला कळलंही नसेल.

मला पहिल्यांदा पळायचं होतं. पळालो नाही. "मागची गाडी," एवढंच तोंडातून निघालं. शिक्षकांनी आमची गाडी आडवी घालून दिवे लुकलुकते ठेवले, अण्णा आणि आणखी एकजण टॉर्च घेऊन रस्त्याने उलटे चालत गेले. अण्णा, जे नळदुर्गला चादरीखाली होते. त्यांची पाठ अंधारात जाताना मी बघितली आणि मग खाली बसलो.

मान दुखते का? नाही. पायाची बोटं हलव. हलली. नाव सांग. सांगितलं. मोजे घातले, टॉवेलची घडी केली आणि दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून दाबलं. दहा मिनिटं, न उचलता. मामांनी दहादा सांगितलेलं. मी चौथ्या मिनिटाला उचलून बघितलं. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. थांबलंय का हे बघायची खाज. थांबलेलं नव्हतं आणि उचलल्यामुळे पुन्हा जोरात आलं. पुन्हा दाबलं, वर आणखी एक नॅपकिन ठेवला, पहिला काढला नाही, आणि आता मनाशी मोजायला लागलो. मागासारखं. एकशे आठ, मिनिट. एकशे आठ, मिनिट.

गर्दी जमली होतीच. मागून एकजण म्हणाला, "मालक, निघा बघू, पोलीस केस होते, नस्ती भानगड." पूर्वी मी निघालोही असतो. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि पुढे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही, हे मामांनी शेवटच्या तासाला पाठ करून घेतलं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, "तुमच्याकडं मोबाइल आहे ना? १०८ लावलाय, ती गाडी कुठवर आलीय ते विचारा." तो कामाला लागला. खरं सांगायचं तर त्यानेच नंतर रुग्णवाहिकेला हात करून थांबवलं.

पोरगा थरथरायला लागला. रक्त गेलं की थंडी वाजते. कुणीतरी गाडीतून चादर आणली आणि माझ्याकडे बघत थांबला. मी म्हटलं, "घाल. आता घाल."

वीस-पंचवीस मिनिटांत रुग्णवाहिका आली. त्यांनी माझे हात बाजूला केले तेव्हा कळलं की मनगटं वाकत नाहीयेत. पोराला आत घेताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, टॉवेल धुऊन देतो." मी म्हटलं, ठेव तुझ्याकडंच.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शर्टावर रक्त बघून आई घाबरली, मग सगळं ऐकून घेतलं, मग पोरगा कुठला, कुणाचा, जेवला असेल का, हे विचारून झालं. बाबांनी खाटेवरून विचारलं, "गाठ सुटली नाही ना?" मी सांगितलं, गाठ मारायची वेळच आली नाही, नुसतं दाबलं.

आई तोवर आतल्या खोलीत गेली होती. कपाटाचं दार वाजलं. बराच वेळ घड्या सरकवण्याचा आवाज आला.

"अरे, तो पांढरा टॉवेल नेलास होय?" आतूनच तिचा आवाज आला. "तो पुढच्या सोमवारच्या लग्नाला काढून ठेवला होता मी."